वडोदऱ्याहून शेंगेन व्हिसा: अलकापुरीतील एका सल्लागार कार्यालयाचा अनुभव

अलकापुरीत आर. सी. दत्त रोडच्या मागच्या बाजूस एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर जे व्हिसा सल्लागार कार्यालय आहे, त्यांच्यामार्फत आम्ही उभयतांनी जर्मनीसाठीचा अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणारा युरोपीय देशांचा गट) काढला. दांडिया बाजारातील आमच्या परिचितांपैकी ज्यांची मुले युरोपात आहेत, अशा बऱ्याच जणांनी या कार्यालयाविषयी विचारणा केल्यामुळे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्यांवर मालकांचे म्हणणे काय आहे हे वाचकांसमोर येणार नाही. थोडक्यात मत असे की, ही मंडळी फाइल उत्तम लावतात, पैशांविषयीचे प्रश्न दूतावासाच्या आधी स्वतःच विचारतात आणि खोटी आशा दाखवत नाहीत. मात्र पत्रांचा छापील मजकूर बेफिकिरीने वापरतात, विमा महाग देतात, आणि पासपोर्ट परत हातात ठेवला की आपले काम संपले असे समजतात.

सल्लागाराकडून नेमके काय अपेक्षित धरावे, हे आधी स्पष्ट असलेले बरे. सयाजीगंजपासून फतेहगंजपर्यंत ‘शंभर टक्के व्हिसा गॅरंटी’ असे फलक पुष्कळ दिसतात. प्रत्यक्षात गुजरातमधील रहिवाशांच्या जर्मनीसाठीच्या अर्जावर निर्णय घेतो तो मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावास. अहमदाबादचे व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीचे अर्ज केंद्र कागद स्वीकारते, बोटांचे ठसे घेते आणि पासपोर्ट परत करते. मंजुरी-नामंजुरीत त्या केंद्रालाही अधिकार नाही, मग अलकापुरीतल्या कार्यालयाला कुठून असणार? आमच्या सल्लागारांनी पहिल्याच भेटीत हे स्वच्छ सांगितले, आणि व्हिसा नाकारला गेला तर व्हिसा शुल्क परत मिळत नाही, हेही त्याच बैठकीत सांगितले. हे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ८० ऐवजी ९० युरो झाले आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो पडतात आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क यावर वेगळे. सल्लागारांचे स्वतःचे शुल्क माणशी अडीच हजार रुपये अधिक जीएसटी असे होते, आणि ते त्यांनी कागदावर लिहून दिले.

अर्ज कोणत्या देशाकडे करावा, येथपासूनच त्यांचा उपयोग जाणवू लागला. आमची मुलगी स्टुटगार्टला असते. बहुतेक मुक्काम तिच्याकडे आणि मध्ये काही रात्री पॅरिस, असा आमचा बेत होता. शेंगेनचा नियम असा की, ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात पहिला प्रवेश होणार त्याच्याकडे. सल्लागारांनी आमच्या रात्री एका कागदावर देशवार मोजल्या आणि जर्मनी निश्चित केली. याआधी आम्ही ज्या दुसऱ्या एका एजंटकडे चौकशी केली होती, त्याने ‘दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून अर्ज टाकू आणि नंतर हॉटेलचे बुकिंग रद्द करू’ असा सल्ला दिला होता. असा सल्ला देणाऱ्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत, कारण विमानतळावर परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता विचारला गेला तर उत्तर त्या एजंटला नव्हे, प्रवाशाला द्यावे लागते. माझे मेहुणे मस्कतला नोकरीत आहेत आणि तेही आमच्याबरोबर येणार होते. त्यांचाही अर्ज येथूनच करावा, असा आमच्या घरात आग्रह होता. परंतु अर्जदाराचे कायदेशीर वास्तव्य जिथे आहे तिथूनच अर्ज करायचा असतो, त्यामुळे त्यांनी तिथल्या निवासपरवान्यासह मस्कतमध्येच अर्ज करावा, असे सांगून कार्यालयाने त्यांचे काम घेतलेच नाही. येणारे गिऱ्हाईक परत पाठवणारा व्यावसायिक आपल्याकडे क्वचितच दिसतो.

नावांचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक होता, आणि मराठी कुटुंबांना तो हमखास येणार असल्याने त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. आमच्या पिढीतील अनेक स्त्रियांचे लग्नात आडनावच काय, पहिले नावही बदललेले असते. पत्नीचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या नावाचा, बँकेचे खाते सासरच्याच नावाचे पण मधल्या नावाच्या जागी फक्त आद्याक्षर, आणि विवाहनोंदणीचा दाखला लग्नानंतर बऱ्याच काळाने काढलेला, अशी आमच्या कागदांची अवस्था होती. शेंगेनच्या अर्जात पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात जन्माच्या वेळचे आडनाव आणि तिसऱ्यात नाव लिहायचे असते. कार्यालयातील ज्या बेन अर्ज भरत होत्या, त्यांनी दुसऱ्या रकान्यात माहेरचे आडनाव लिहिले, तिसऱ्या रकान्यात पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ म्हणून जे छापले आहे ते नवऱ्याच्या नावासकट जसेच्या तसे उतरवले, आणि माहेरचे पहिले नाव अर्जात कुठेही घुसवले नाही. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे असल्याने त्याची प्रत मात्र फाइलला लावली. बँकेतून नाव दुरुस्त करून आणण्याचा हेलपाटा त्यांनी वाचवला. स्टेटमेंटवरील आद्याक्षर आणि पासपोर्टवरील पूर्ण नाव एकाच व्यक्तीचे आहे, अशी बँकेच्या लेटरहेडवर एक ओळ लिहून आणायला सांगितली आणि तेवढ्यावर भागले. विमानाच्या तिकिटावरही हेच पूर्ण ‘गिव्हन नेम’ हवे, हे त्यांनी मुलीला फोनवर बजावले, हे विशेष.

पैशांच्या बाबतीत त्यांची तपासणी दूतावासाइतकीच कडक निघाली. सहा महिन्यांचे स्टेटमेंट समोर ठेवून मालक प्रत्येक मोठ्या जमा रकमेवर पेन्सिलने खूण करत गेले आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, “काका, आ चार लाख क्यांथी आव्या?” (हे चार लाख कुठून आले?) ती रक्कम मुदत संपलेल्या एफडीची होती. ते खरे आहे एवढे सांगून त्यांचे समाधान झाले नाही. एफडी बंद झाल्याची बँकेची पावती आणून त्या नोंदीच्या मागे लावल्यावरच त्यांनी पुढचे पान उलटले. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून पैसे आणून खाते फुगवण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्याविषयी त्यांचे मत असे की, अचानक आलेली आणि खुलासा नसलेली रक्कम कमी शिल्लक असण्यापेक्षा जास्त नुकसान करते. निवृत्तिवेतनाचा आदेश, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, महानगर सेवा सदनाची (म्हणजे येथील महानगरपालिकेची) घरवेऱ्याची, अर्थात घरपट्टीची, पावती आणि धाकटा मुलगा वडोदऱ्यातच राहतो व नोकरी करतो याचा पुरावा, एवढे त्यांनी मागवले. शेवटचा कागद मला अनावश्यक वाटत होता. पण व्हिसा नाकारण्याच्या ठरावीक छापील कारणांपैकी एक ‘अर्जदार मुदतीत परत जाईल याविषयी रास्त शंका’ हे असल्यामुळे, परत येण्यासारखे घरी काय काय आहे हे कागदावर दिसणे वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत महत्त्वाचे ठरते, हा त्यांचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. वेऱ्याची पावती गुजरातीत असल्याने तिचे इंग्रजी भाषांतर लागले. ते काम त्यांनी पानागणिक पैसे घेऊन केले, आणि दर वाजवी होता.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार कव्हरिंग लेटरविषयी, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या पत्राविषयी आहे. जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने खर्चाची जबाबदारी घ्यायची असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, आपल्या उत्पन्नाचे पुरावे दाखवून आणि २९ युरो शुल्क भरून एक औपचारिक हमीपत्र काढावे लागते. ते काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हिसासाठी वापरावे लागते आणि अर्जासोबत त्याची मूळ प्रत लागते. खर्च अर्जदार स्वतःच करणार असेल तर मुलीचे साधे निमंत्रणपत्र पुरते. आमचे निवृत्तिवेतन आणि बचत पुरेशी असूनही कार्यालयाने ‘हमीपत्र असले की सेफ’ असे सांगून मुलीला ते काढायला लावले, तेही ठीक. परंतु अर्जात खर्चाच्या रकान्यात ‘प्रायोजक’ असे नोंदवले असताना, त्यांच्या संगणकातील साच्यातून छापून निघालेल्या कव्हरिंग लेटरमध्ये ‘सर्व खर्च मी स्वतः करणार आहे’ असे वाक्य होते, आणि त्याच पत्रात आमच्या मुलीचा उल्लेख ‘माझा मुलगा’ असा होता. सही करण्यापूर्वी पत्र वाचल्यामुळे हे ध्यानात आले आणि लगेच बदलून मिळाले, पण दिलगिरीऐवजी “असे कुणी वाचत नाही” हे उत्तर मिळाले. दोन कागद एकमेकांशी विसंगत असले तर अधिकारी दोन्हींवर अविश्वास दाखवू शकतो. एफडीच्या पावतीसाठी जे कार्यालय ग्राहकाला बँकेत परत धाडते, त्याने स्वतःच्या पत्राबाबत इतका निष्काळजीपणा करावा हे न शोभणारे आहे. पत्र शक्यतो आपणच लिहावे. त्यात प्रवासाचा हेतू, तारखा, मुक्कामाचा पत्ता, खर्च कोण करणार आणि परत येण्याचे कारण, एवढे एका पानात सरळ शब्दांत आले की काम भागते.

दुसरी तक्रार विम्याची. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा, सर्व शेंगेन देशांत लागू असलेला आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा प्रवासविमा लागतो. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि वेळप्रसंगी मायदेशी परत आणण्याचा खर्च अंतर्भूत असावा लागतो. कार्यालयाने फाइलसोबतच एक पॉलिसी पुढे केली. तीच पॉलिसी, त्याच वयासाठी आणि त्याच दिवसांसाठी, विमा कंपनीच्या संकेतस्थळावर सुमारे एक तृतीयांशाने स्वस्त होती. मध्यस्थाने चार पैसे मिळवावेत यात गैर काही नाही. पण पत्नीच्या मधुमेहाविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारांना अशा पॉलिसींत बहुधा संरक्षण नसते, किंवा फक्त जिवावर बेतले तरच मर्यादित संरक्षण असते. दूतावासाच्या अटी पुऱ्या करणारी पॉलिसी आणि आपल्या प्रकृतीला उपयोगी पडणारी पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. विमा आम्ही शेवटी स्वतंत्रपणे घेतला. कार्यालयाने त्याला हरकत घेतली नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

फोटोंबाबत मात्र त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. रावपुऱ्यातील स्टुडिओत काढलेले फोटो मालकांनी टेबलावर ठेवून पोलादी पट्टीने मोजले. पूर्ण फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर आणि हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर असावा लागतो. माझा चेहरा जेमतेम २८ भरला. स्टुडिओवाल्याने भारतीय पासपोर्टच्या मापाचा साचा वापरला होता. चष्म्याच्या काचेवर दिव्याची तिरीप आल्याने पत्नीचाही फोटो बाद झाला. नवीन फोटो त्यांनी शेजारच्या खोलीत पांढऱ्या पडद्यासमोर काढून दिले आणि ते अर्ज केंद्रात बिनबोभाट स्वीकारले गेले.

अपॉइंटमेंट घेण्याचे काम त्यांनी आमच्याच ईमेलवरून आणि आमच्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने, आम्हाला समोर बसवून केले. हा आग्रह प्रत्येकाने धरावा, कारण एजंटच्या ईमेलवर खाते उघडले की पुढचा प्रत्येक निरोप त्याच्या मर्जीने कळतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत हीच मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. उन्हाळी सुट्टीसाठी आणि दिवाळीसाठी गुजरातेतून निघणारी गर्दी पाहता शेवटच्या पंधरवड्याचा हिशोब कागदावरच ठेवावा. आम्ही मे महिन्यातील प्रवासासाठी फेब्रुवारीत अर्ज केला आणि तारीख सहज मिळाली. तिकीट मात्र व्हिसा येईपर्यंत पक्के करायला कार्यालयाने मनाई केली आणि केवळ आरक्षणाची प्रत फाइलला लावली. हा सल्ला योग्य होता.

अहमदाबादला प्रत्यक्ष जावेच लागते, कारण दहा बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतले जातात. एकदा दिलेले ठसे पुढील ५९ महिने शेंगेनच्या यंत्रणेत वापरता येतात. कार्यालयाने सोबत माणूस पाठवण्याची सेवा वेगळे पैसे घेऊन देऊ केली होती, जी आम्ही नाकारली. त्याची खरोखर गरज नसते. फाइल ज्या क्रमाने लावून दिली होती, त्याच क्रमाने काउंटरवरच्या मुलीने कागद मागितले आणि एकही कागद कमी पडला नाही. कामाने पत्नीच्या बोटांवरील रेषा इतक्या झिजल्या आहेत की तिचे ठसे यंत्राला पुन्हा पुन्हा घ्यावे लागले. वयस्कर मंडळींनी याने गांगरून जाऊ नये. केंद्रातील एसएमएस, झेरॉक्स, कुरियर आणि बसण्याची वेगळी खास सोय या सेवा ऐच्छिक असतात. कुरियरखेरीज बाकी कशाचीही आम्हाला आवश्यकता भासली नाही.

पासपोर्ट परत आल्यावर आम्ही तो दाखवायला कार्यालयात गेलो, तेव्हा अभिनंदन झाले, पेढा घेतला गेला आणि विषय संपला. व्हिसाच्या स्टिकरवर काय लिहिले आहे हे कुणी समजावून सांगितले नाही, आणि गफलत नेमकी तिथेच होण्यासारखी असते. स्टिकरवर व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वैध आहे या दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. प्रवास पुढेमागे झाला तर सोयीचे जावे म्हणून तारखांमध्ये पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते, त्यामुळे ४५ दिवसांचा मुक्काम मंजूर झाला तर तारखांमधील अंतर ६० दिवसांचे दिसू शकते. शेवटची तारीख पाहून परतीचे तिकीट काढणारा माणूस मंजुरीपेक्षा जास्त राहतो. दिवस मोजताना प्रवेशाचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. दीर्घ वैधतेचा व्हिसा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने, शिक्का पुसट आला म्हणून दिवस कुणाच्या नजरेतून सुटतील, ही शक्यता आता धरू नये. आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. स्टुटगार्टहून स्वित्झर्लंडला जाऊन येण्यात अडचण नव्हती, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच येते. पण लंडनला भाच्याकडे जाऊन पुन्हा जर्मनीत येण्याचा विचार करणाऱ्याला असा व्हिसा पुरत नाही, आणि ब्रिटनचा व्हिसा तर वेगळाच लागतो. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याने एवढे पाच मिनिटांत सांगायला हवे होते.

ज्यांनी आधी शेंगेन प्रवास केलेला आहे आणि ज्यांची मुले इंटरनेटवरचा अर्ज भरून देऊ शकतात, त्यांनी या कार्यालयाकडे जाण्याचे कारण नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतातील भारतीय नागरिकांसाठी जे नियम लागू झाले, त्यांनुसार गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून त्यांचा रीतसर वापर केला असेल तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा व्हिसा सामान्यतः दिला जातो. अशा अर्जदारांना सल्लागाराची गरज आणखीच कमी. पहिल्यांदाच जाणारे निवृत्त जोडपे, नावांमध्ये फरक असलेल्या स्त्रिया, आणि बँकेत मोठ्या उलाढाली असलेले व्यापारी यांना मात्र अडीच हजार रुपये सार्थकी लागतील. फाइल तयार झाली की तिची एक संपूर्ण झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी. ती प्रवासात बरोबर नेण्यासाठी उपयोगी पडते आणि पुढच्या अर्जाला नमुना म्हणून चालते. दुपारी एक ते तीन कार्यालय बंद असते, शनिवारी अर्धा दिवस चालू असते, आणि जीएसटीचे बिल आपणहून मागावे लागते.